स्वच्छतेचा वास

आपल्याकडे घर स्वच्छ झालं की नाही, हे डोळ्यांपेक्षा नाक ठरवतं. लादी पुसून झाली आणि फिनाईलचा वास आला नाही, तर नुसतं पाणी फिरवलंय अशी शंका येते. कपाट उघडताच डांबरगोळ्यांचा भपकारा आला की साड्या नीट जपल्या गेल्यात असं वाटतं. तिन्हीसांजेला कॉइल पेटली, धूर खोलीभर पसरला, की मुलांच्या झोपेची सोय झाली. आणि बाथरूम घासून बाहेर येताना डोळे चुरचुरले, घसा खवखवला, तर आज काम चोख झालं म्हणायचं. वास येतो म्हणजे तो पदार्थ हवेत उडालेला असतो आणि श्वासाबरोबर आत गेलेला असतो. ही एवढीशी गोष्ट मनावर घेतली तरी घरातल्या बऱ्याच बाटल्यांकडे बघायची नजर बदलते.

मुंबईत ती मनावर घ्यायला आणखी एक कारण आहे. अंगण, पडवी, मागचं दार असलेल्या घरात काळं फिनाईल ओतलं तर वास वाऱ्याबरोबर निघून जातो. इथे वन रूम किचनमध्ये स्वयंपाक, झोप, अभ्यास, देवपूजा सगळं एकाच हवेत चालतं. रस्त्याच्या धुळीसाठी एक खिडकी बंद, डासांसाठी दुसरी बंद, तिसरीसमोर शेजारच्या विंगची भिंत. बाथरूमची काचेच्या पट्ट्यांची खिडकी उघडते ती डक्टमध्ये, आणि त्या डक्टमध्ये वरखालच्या सगळ्या मजल्यांची हवा आधीच कोंडलेली. म्हणून कोणतं रसायन किती वाईट या वादात पडण्याआधी ते कुठल्या खोलीत वापरलं जातंय आणि तिथे कोण उभं आहे, हे बघावं असं माझं ठाम मत आहे.

साधारण चार फूट बाय पाच फुटांचं बाथरूम घ्या, उंची आठ फूट. आतली हवा झाली १६० घनफूट, म्हणजे जेमतेम साडेचार घनमीटर. संडास घासायला जे जाडसर द्रव मिळतं त्यात सुमारे १० टक्के हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. कपडे पांढरे करायला किंवा लादी निर्जंतुक करायला जे ब्लीच मिळतं त्यात सोडियम हायपोक्लोराइट असतं, ४ टक्क्यांच्या आसपास. दोन्ही एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो. किती? एक चहाचा चमचा, म्हणजे ५ मिलिलिटर ब्लीच ॲसिडमध्ये पुरतं मिसळलं, तर जवळजवळ १९० मिलिग्रॅम क्लोरीन तयार होतो. दार लावलेल्या त्या बाथरूमच्या हवेत हे प्रमाण दहा लाख भागांत १४ च्या वर जातं. अमेरिकेतल्या कामगार-सुरक्षा संस्थेने जिवाला तात्काळ धोका म्हणून ठरवलेली पातळी आहे दहा लाखांत १०. हा हिशोब एका चमच्याचा आहे, आणि आपल्याकडे ओतायचं माप असतं बाटलीचं बूच किंवा 'थोडं जास्तच टाक'.

त्यात आणखी एक गोष्ट. क्लोरीन हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड असतो. तो वर छताकडे जात नाही, लादीलगत साचतो. उभ्या माणसाला जेवढा लागतो त्यापेक्षा जास्त उकिडवं बसून कोपरे घासणाऱ्या माणसाला लागतो. मुंबईतल्या बहुतेक घरांत ती बसलेली व्यक्ती म्हणजे कामाला येणाऱ्या मावशी. त्या एका घरातून दुसऱ्या घरात जातात, प्रत्येक घरात वेगळी बाटली, वेगळा रंग, आणि प्रत्येक घरात घाई. बाटली विकत आणणारा त्या वेळी बाहेर चहा पीत असतो. दोन्ही औषधं एकत्र टाकली की डाग लवकर जातो असा समज पक्का असतो, आणि डाग राहिला तर बोलणी त्यांनाच बसतात. डाग लवकर जात नाही, हेही सांगायला हवं. ब्लीच आणि ॲसिड एकमेकांना खाऊन टाकतात, दोघांचीही ताकद कमी होते, वायू तेवढा उरतो.

असं झालंच तर आधी बाहेर पडायचं. पाणी ओतून टाकू, बादली उचलू म्हणून आत थांबायचं नाही. दार उघडं ठेवायचं, घराच्या खिडक्या उघडायच्या आणि त्या माणसाला मोकळ्या हवेत न्यायचं. डोळ्यांत गेलं असेल तर वाहत्या पाण्याने किमान पंधरा मिनिटं धुवायचं. खोकला थांबला म्हणून निश्चिंत होऊ नये. फुप्फुसांना आलेली सूज काही तासांनीही वाढते, म्हणून दम लागत असेल, छातीत आवळल्यासारखं होत असेल तर डॉक्टरकडे जायलाच हवं.

मुळात ॲसिड लागतं कशाला? ते जंतूंसाठी नसतं. ते लागतं क्षारांसाठी, म्हणजे भांड्याच्या कडेला, नळाच्या तोंडाशी, टाइल्सवर जो पांढरा किंवा पिवळट थर धरतो त्यासाठी. आता गंमत बघा. महापालिकेचं पाणी तानसा, भातसा, वैतरणा, विहार, तुळशी अशा तलावांतून येतं. ते पावसाचं, दगडाळ भागात साठलेलं, बरंच मृदू पाणी असतं. नुसतं तेच वापरणाऱ्या घरात क्षार फार साचत नाहीत. पण कितीतरी सोसायट्यांत फ्लशला बोअरवेलचं पाणी जोडलेलं असतं, उन्हाळ्यात टँकर येतात, आणि ते पाणी जड असतं. त्यामुळे संडासात थर आहे पण बेसिनच्या नळावर नाही, असं दिसलं तर दोष साफसफाईचा नसतो, पाण्याचा असतो. अशा ठिकाणी आठवड्याला ॲसिड ओतत राहणं म्हणजे रोज नवा येणारा थर महागड्या आणि धोक्याच्या वाटेने काढणं.

त्याऐवजी लिंबूसत्त्व वापरावं. किराणा दुकानात पुडी मिळते, जास्त हवं असेल तर मसाल्याच्या किंवा रसायनांच्या घाऊक दुकानात किलोने मिळतं. कमोडच्या वळणात साचलेलं पाणी ब्रशने ढकलून कमी करायचं, नाहीतर सगळं पातळ होऊन जातं. साधारण १०० ग्रॅम लिंबूसत्त्व एक लिटर गरम पाण्यात विरघळवायचं आणि रात्री झोपताना थरावर ओतायचं. पाणी उकळतं नको, चिनी मातीला तडा जाऊ शकतो. कडेखालच्या भागावर पाणी टिकत नाही, तिथे टिश्यू किंवा जुनं सुती फडकं त्याच पाण्यात भिजवून चिकटवून ठेवायचं. सकाळी फडकं काढून घासायचं. जुना थर एका रात्रीत जात नाही, दोनतीनदा करावं लागतं. इथेच माणसं कंटाळतात आणि पुन्हा ॲसिडकडे वळतात. पण एकदा मूळ थर निघाला की पंधरा दिवसांनी दोन चमचे पुरतात. नळाला व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं अर्धा तास गुंडाळून ठेवलं तरी चालतं. त्याहून जास्त वेळ ठेवलं तर क्रोमचा मुलामा मंद होतो.

एक पथ्य मात्र पाळायचं. लिंबूसत्त्व, व्हिनेगर, फळांच्या सालींचं बायोएन्झाइम, सगळी शेवटी आम्लंच. कडप्पा आणि संगमरवर हे चुनखडीचे दगड, त्यांच्यावर आम्ल पडलं की चकाकी जाऊन खरखरीत पांढरा डाग पडतो, आणि तो पॉलिश केल्याशिवाय जात नाही. जुन्या घरातला ओटा बहुधा कडप्प्याचा असतो, तिथे साबण आणि पाणी एवढंच. ग्रॅनाइटला त्या मानाने काही होत नाही. आणि ही सगळी आम्लं ब्लीचपासून तितकीच लांब ठेवायची. बाटलीवर 'नैसर्गिक' लिहिलं म्हणून क्लोरीन सुटायचा थांबत नाही.

ॲसिडची आणखी एक करामत मुंबईकरांनी ओळखायला हवी. टाइल्सच्या सांध्यांत सिमेंट असतं आणि ॲसिड ते हळूहळू खातं. वर्षानुवर्षं सुट्या ॲसिडने बाथरूम धुतलं की सांधे पोकळ होतात, पाणी खाली झिरपायला लागतं, आणि मग खालच्या मजल्यावरच्या छताला ओल येते. सोसायटीच्या सभेत कोणाच्या पाइपची गळती यावर तासभर भांडण होतं. कधी कधी उत्तर मोरीच्या फळीवरच्या बाटलीत असतं. खालच्या घरात त्या ओलीवर बुरशी येते, ते लोक भिंतीवर ब्लीच फवारतात. काळा रंग जातो, ओल तशीच राहते, पुढच्या पावसाळ्यात बुरशी परत. सच्छिद्र भिंतीत मुरलेल्या बुरशीला ब्लीच पोचत नाही. सांधे भरून घेणं, ओल सुकवणं, सैल झालेलं प्लास्टर काढून नवं करणं, यालाच खरा इलाज म्हणता येईल.

समाजमाध्यमांवर सोडा आणि व्हिनेगर एकत्र टाकून फेस आणायचे व्हिडिओ फार दिसतात. फेस बघायला छान वाटतो, पण त्यात दोघंही एकमेकांना निकामी करतात आणि उरतं ते थोडं मीठ विरघळलेलं पाणी. दोन्ही वस्तू उत्तम आहेत, पण वेगवेगळ्या कामांना. आम्ल क्षारांना, सोडा तेलकटपणाला. गॅसमागच्या टाइल्सवर बसलेल्या चिकट थराला अर्धी बादली कडकडीत पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा घालून पुसलं की तो साबणासारखा सुटतो. खायचा सोडा नव्हे, धुण्याचा. हातमोजे घालावेत, कारण तो कातडी कोरडी करतो, आणि ॲल्युमिनियमच्या कढईला लावू नये, ती काळी पडते.

लादीसाठी तर याहून कमी लागतं. आठ लिटर पाण्यात भांड्यांच्या लिक्विड साबणाचा एक छोटा चमचा, बस. जास्त घातला की लादीवर पातळ थर राहतो, त्याला पाय चिकटतात, धूळ धरते, लादी लवकर मळकट दिसते आणि मग आपण फिनाईलचं प्रमाण वाढवतो. रोजच्या घराला जंतुनाशकाची गरज नसते, मळ निघाला की जंतूही बरेचसे पाण्याबरोबर जातात. घरात कोणाला उलट्या-जुलाब झाले तर ब्लीचचं काम आहे. ४ ते ५ टक्क्यांचं ब्लीच असेल तर २० मिलिलिटर ब्लीच एक लिटर पाण्यात, आधी साबणाने पुसलेल्या जागेवर, दहा मिनिटं ओलं ठेवून मग साध्या पाण्याने पुसायचं. घाण तशीच असताना वर ब्लीच ओतलं तर ते घाणीवरच खर्च होतं. केलेलं पाणी दुसऱ्या दिवशी वापरू नये, आणि बाटली गॅसजवळ किंवा उन्हात ठेवू नये. उष्णतेने त्यातला जोर आपोआप कमी होतो.

फिनाईलबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती बाटलीची. दारावर विकायला येणारं पांढरं फिनाईल, सुटं ॲसिड, रंगाचा थिनर हे सगळं थंड पेयाच्या जुन्या बाटलीत भरून घरात येतं. लेबल त्या पेयाचं, आतलं द्रव दुधाळ किंवा सरबताच्या रंगाचं, आणि जागा मोरीतल्या खालच्या फळीवर, नेमकी दोन वर्षांच्या मुलाच्या उंचीची. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली सुट्या ॲसिडच्या विक्रीवर निर्बंध घातले, ओळखपत्र आणि नोंदवहीची अट घातली, अठरा वर्षांखालच्यांना विक्री बंद केली. तरी बाटल्यांची ही सवय घराघरांत टिकून आहे. खायच्या-प्यायच्या वस्तूच्या बाटलीत दुसरं काही भरायचं नाही, हा एक नियम पाळला तर घरातले कितीतरी अपघात टळतील.

मुलाने ॲसिड, कॉस्टिक, फिनाईल, रॉकेल यांतलं काही गिळलंच तर उलटी काढायची नाही. मिठाचं पाणी पाजणं, घशात बोट घालणं हे आजीबाईंचे उपाय इथे घात करतात. जे खाली जाताना भाजून गेलं ते वर येताना पुन्हा भाजतं, आणि रॉकेल किंवा फिनाईल उलटीबरोबर फुप्फुसात शिरतं. तोंड पाण्याने पुसून घ्यावं, बाटली सोबत घ्यावी आणि थेट रुग्णालय गाठावं. दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्राचा मोफत क्रमांक १८०० ११६ ११७ आहे. तो फ्रिजच्या दारावर चिकटवून ठेवावा.

आता डांबरगोळ्या. बाळंतपण जवळ आलं की घरातली जाणती बाई ट्रंक उघडते. जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली सुती साडी किंवा आजोबांचं धोतर काढते आणि त्याची दुपटी, लंगोट शिवते. नव्या कापडापेक्षा ते बाळाला मऊ लागतं, हे अगदी खरं. पण त्या ट्रंकेत वर्षानुवर्षं डांबरगोळ्या असतात. गोळी म्हणजे नॅफ्थलिन, आणि ते न वितळता थेट वायू होऊन कापडाच्या धाग्यांत मुरतं. ज्या बाळाच्या रक्तात जी-सिक्स-पीडी या द्रव्याची कमतरता असते, त्याच्या तांबड्या पेशी नॅफ्थलिनमुळे फुटायला लागतात. बाळ पिवळं पडतं, निस्तेज होतं, लघवी काळ्या चहासारखी होते, आणि नवजात बाळाची तीव्र कावीळ मेंदूपर्यंत इजा करू शकते. ही कमतरता आनुवंशिक आहे, मुलग्यांत जास्त दिसते, मुंबईच्या पारशी समाजात आणि इतरही काही समाजांत ती बऱ्यापैकी आढळते. बाळाला आहे की नाही हे जन्मतः बघून कळत नाही. त्यात आपण अंगाला तेल चोळून त्याच दुपट्यात गुंडाळतो, आणि नॅफ्थलिन तेलात सहज विरघळून कातडीतून आत जातं.

म्हणून बाळाची दुपटी ट्रंकेतल्या कापडाची करायची नाहीत. करायचीच असतील तर आधी ते कापड आठ-दहा दिवस मोकळ्या हवेत वाळवावं, गरम पाण्यात साबणाने दोनदा धुऊन कडक उन्हात टाकावं, आणि नाकाशी धरल्यावर जराही वास आला तर बाळासाठी वापरू नये. संडासात आणि बेसिनमध्ये ठेवायच्या रंगीत गोळ्या हा निराळा पदार्थ, पॅराडायक्लोरोबेंझीन. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने नॅफ्थलिन आणि हा, दोन्हींना माणसात कर्करोगाची शक्यता असलेल्या गटात टाकलं आहे. त्या गोळीने काही साफ होत नाही, वासावर दुसरा वास चढतो एवढंच.

खरं तर सुती साड्यांना डांबरगोळी लागतच नाही. कपडे खाणाऱ्या पतंगाच्या अळीला लोकर आणि रेशीम आवडतं, तेही घामाचा, अत्तराचा, जेवणाचा डाग असलेलं. सुती कपड्याला भोकं पाडते ती कसर, आणि तिला हवी असते खळ. खळ केलेली साडी वर्षभर ट्रंकेत ठेवणं म्हणजे कसरीला जेवणाचं आमंत्रण. ठेवणीतल्या सुती साड्यांची खळ धुऊन काढावी, पूर्ण सुकवावी, आणि नेसायच्या आधी पुन्हा खळ करावी. पैठणी मऊ मलमलीत गुंडाळून ठेवावी, प्लास्टिकच्या पिशवीत नको, पावसाळ्यात आतल्या आत ओल धरते. दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली की एकदा सगळं बाहेर काढून, घडी बदलून, सावलीत वारं द्यावं. वेखंडाचा तुकडा किंवा कडुनिंबाचा वाळलेला पाला पुरचुंडीत बांधून ठेवला तर थोडी मदत होते, पण खरं काम स्वच्छ आणि कोरडं ठेवण्यानेच होतं. गोळीऐवजी कापूर ठेवणाऱ्यांनी तो लहान मुलाच्या हाताला लागणार नाही असा ठेवावा. कापूर पोटात गेला तर झटके येतात, एक ग्रॅमही लहानग्याच्या जिवावर बेतू शकतो.

डासांचं प्रकरण कठीण आहे, कारण इथे भीती खोटी नाही. मलेरिया आणि डेंग्यू या शहरात दर पावसाळ्यात येतात, आणि फक्त 'रसायन टाळा' म्हणून हात झटकता येत नाहीत. पण कॉइल हा सगळ्यात वाईट मार्ग आहे. तिच्यात कीटकनाशक असतं अगदी थोडं, एका टक्क्याच्याही आत, बाकी सगळा लाकडाचा किंवा करवंटीचा भुसा, तो धुमसत राहावा म्हणून. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म धूलिकण ७५ ते १३७ सिगारेटींएवढे भरले. दारं-खिडक्या लावून, रात्रभर, मुलांच्या उशाशी. द्रव भरलेल्या मशीनमध्ये हा धूर नसतो, म्हणून ते त्या मानाने बरं, पण तेही खिडकी थोडी उघडी ठेवून, माणसाच्या डोक्यापासून लांब, आणि संध्याकाळचे दोनतीन तास. रात्रभर मच्छरदाणी.

रस्त्यावर मिळणाऱ्या डास पळवणाऱ्या अगरबत्त्या आणि झुरळांचा खडू घरात आणू नयेत. कीटकनाशक म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक वस्तूवर नोंदणी क्रमांक आणि विषारीपणा दाखवणारा रंगीत त्रिकोण असावा लागतो. लाल सगळ्यात घातक, मग पिवळा, निळा, आणि सगळ्यात कमी हिरवा. पुड्यावर यातलं काहीच नसेल तर आत काय आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

डेंग्यूचा डास दिवसा चावतो, म्हणजे रात्रीच्या कॉइलचा त्याच्यावर उपयोग नाहीच. तो घरातल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून उडायला साधारण आठवडा ते दहा दिवस घेतो. म्हणून आठवड्यातून एक दिवस ठरवून पाणी ओतून टाकलं की साखळी तुटते. जागा ठरलेल्या असतात: फ्रिजच्या मागचा ट्रे, कुंडीखालची बशी, एसीच्या पाण्याची बादली, गच्चीतलं झाकण नसलेलं पिंप, आणि मुंबईच्या प्रत्येक खिडकीत असलेली मनीप्लँटची बाटली. त्या बाटलीचं नुसतं पाणी बदलून भागत नाही. मादी अंडी पाण्याच्या रेषेलगत काचेला चिकटवते, आणि ती कोरडी पडली तरी महिनोनमहिने जिवंत राहतात. बाटली आतून ब्रशने खरवडून धुवायची. त्यापेक्षा मनीप्लँट मातीत लावावा, तो तिथे जास्त जोमाने वाढतो. खिडकीला जाळी एकदा बसवली की तिचा खर्च पुढे कॉइलवरच वाचतो. जाळी आणि चौकटीतली फट मात्र तपासावी, डासाला तेवढी पुरते.

झुरळांसाठी फवारा मारण्यापेक्षा जेल बरं. मुगाच्या दाण्याएवढे ठिपके, ओट्याखालच्या कपाटाच्या बिजागरीजवळ, सिंकच्या पाइपच्या भोकाशी, गॅस सिलिंडरमागे. एकच मोठा गोळा लावू नये. आणि जेल लावल्यावर फवारा, फिनाईल तिथे मारू नये, वासाने झुरळं जेलकडे फिरकत नाहीत आणि लोक म्हणतात जेल खोटं निघालं. बोरिक पावडर आणि कणकेच्या गोळ्या गुणाच्या आहेत, पण रांगतं मूल असलेल्या घरात नकोत.

रूम फ्रेशनरवर फार शब्द खर्च करायची गरज नाही. त्याने दुर्गंधी जात नाही, दुसरं रसायन हवेत मिसळतं. लेबलवर सगळं 'सुगंध' या एका शब्दात झाकलेलं असतं. कुबट वास येत असेल तर ओला पायपुसणा, सिंकखालचा पाइप, कचऱ्याचा डबा, यांपैकी एकात कारण सापडतं.

गणपतीआधी किंवा दिवाळीआधी घराला रंग काढतात तेव्हाची एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. गिरगाव, परळ, लालबागच्या जुन्या चाळींतल्या लाकडी खिडक्या-दारांवर तैलरंगाचे थरावर थर असतात. भारतात घरगुती रंगांतल्या शिशाची मर्यादा दहा लाख भागांत ९० अशी ठरली ती २०१६ च्या नियमांनी, आणि लागू झाली नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या थरांत शिसं असू शकतं. रंगारी कोरड्या पॉलिश पेपरने घासतो, पिवळी-हिरवी धूळ सगळ्या खोलीत बसते, गादीवर, पाण्याच्या माठावर, मुलाच्या खेळण्यावर. मूल बोट तोंडात घालतं, आणि शिसं वाढत्या मेंदूला कायमची इजा करतं. रंगाऱ्याला ओल्या पॉलिश पेपरने घासायला सांगावं, खाली प्लास्टिक अंथरून चिखलासारखा निघालेला गाळ गुंडाळून टाकावा, आणि खोली झाडू न मारता ओल्या फडक्याने दोनदा पुसावी. गरोदर बाई आणि लहान मुलं तेवढे दिवस दुसऱ्या घरी. रंग चांगल्या स्थितीत असेल, कुठे पोपडे नसतील, तर न खरवडता वरून नवा हात देणं जास्त सुरक्षित.

हे सगळं अमलात आणायचं तर बोलणं आधी मावशींशी व्हायला हवं, आणि हुकूम म्हणून नव्हे. "मावशी, आजपासून ॲसिड नाही. मी रात्री पावडर टाकून ठेवीन, सकाळी तुम्ही फक्त ब्रश मारा. डाग राहिला तर राहू दे." हे शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं, कारण डाग राहिल्याबद्दल ऐकून घ्यावं लागण्याची भीतीच त्यांना दुसरी बाटली उघडायला लावते. रबरी हातमोजे त्यांच्या मापाचे आणावेत, फाटले की बदलावेत. बाथरूम घासताना पंखा सुरू आणि दार उघडं. एक्झॉस्ट नुसता लावून दार घट्ट बंद केलं तर आत यायला हवाच नसते, मग तो गरगर फिरतो पण काही ओढत नाही.

राहिलेल्या जुन्या बाटल्यांचं काय करायचं? एका दिवशी बसून सगळ्या मोरीत ओतून मोकळं व्हावं असा मोह होतो. ते करू नये. मोरीच्या जाळीखाली नहाणी ट्रॅप असतो आणि त्यात नेहमी पाणी साठून राहतं, झुरळं आणि गटाराचा वास वर येऊ नये म्हणून. सकाळी ओतलेलं ॲसिड आणि संध्याकाळी ओतलेलं ब्लीच तिथे एकमेकांना भेटतं. पाइप मोकळा करायची पावडर म्हणजे कॉस्टिक सोडा, ती ॲसिडला भेटली तर उकळून वर उडते, थेट वाकलेल्या माणसाच्या तोंडावर. आधी ब्लीच संपवावं, कपड्यांना, नेहमीच्या मापात. ते संपलं की ट्रॅपमध्ये दोन बादल्या साधं पाणी सोडावं, मध्ये एक-दोन दिवस जाऊ द्यावेत. मग संडासाचं द्रव, तेही त्याच्याच कामाला, थोडं थोडं, भरपूर पाण्याबरोबर. पाइपच्या पावडरीची न फोडलेली पुडी कोरड्या डब्यात घट्ट बंद करून वरच्या फळीवर ठेवावी. रिकाम्या बाटल्या धुऊन, लेबल काढून, बुडाला भोक पाडून भंगारात द्याव्यात, म्हणजे त्या पुन्हा फिनाईल भरून कोणाच्या दारावर येणार नाहीत.